हिरड्यावरचं टिंब

अवधपुरी, भोपाळ
२४ ऑगस्ट २०१३

चि. अनुराधा हिस अनेक आशीर्वाद.

तुला एक आजी होती, आठवतं का? नसेल आठवत तर खूण सांगते. बुटकी, नऊवारीतली, उजवीकडच्या खालच्या दोन दाढा तू स्वतः भरलेल्या. बाकीचं जग माणूस चेहऱ्यावरून ओळखतं, तुम्हा दातवाल्यांना तोंड उघडून दाखवावं लागतं. पत्रात ते जमत नाही, म्हणून नावच सांगते. कमलिनी काशिनाथ अंजनकर. तुझी आई नलिनी गेल्यावर जिने तुझ्या वेण्या घातल्या आणि जिच्या वेण्या वाकड्या असतात असं तू शाळेत जाऊन सांगायचीस, ती.

अक्षर ओळखीचं वाटलं असेल. हो, तुझा बापच लिहितोय. म्हणून पत्र खाली ठेवू नकोस. शब्द माझे आहेत, त्याचा नुसता हात आहे. नेहमी शेजारची शशिकला लिहून देते, पण ती जिन्यावरून पडली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. मग मी जयंताला म्हटलं, तू हमाल. हमालाने गाठोडं उचलायचं, सोडून बघायचं नाही. तो म्हणाला, "आई, सांगशील ते लिहीन, पण खोटं लिहिणार नाही." मी म्हटलं, खोटं मी सांगेन, तू नुसतं लिही.

शशिकलाचा हात मोडलाय, डोळे शाबूत आहेत. लिहून झालं की ती मला सगळं मोठ्याने वाचून दाखवणार, मगच पाकीट चिकटणार. ज्याला वाचता येत नाही त्याने दोन माणसं ठेवावीत, एक लिहायला आणि एक लिहिणाऱ्यावर नजर ठेवायला. तुझ्या बापाला हे लगेच पटलं. कारखान्यात जन्मभर त्याने तेच केलं. वेल्डिंग करणारा एक, त्याचा जोड तपासणारा दुसरा, आणि तो दुसरा नेहमी हाच.

फोन करून पाहिला. तू घेत नाहीस, आणि घेतलास तर "बरी आहे" म्हणून ठेवतेस. शिवाय फोनमध्ये तू मला पत्र्यावरच्या कोंबडीसारखी ऐकू येतेस. पत्राचं बरं असतं. मधेच ठेवलंस तरी ते टेबलावरून बघत राहतं.

आता कामाचं. तुझ्या कॉलेजातल्या सरोज मॅडमचा फोन आला होता. तुझा देवरुखचा पत्ता त्यांनीच दिला. धर्मादाय दवाखान्यात दाढा भरतेस म्हणे. चांगलं आहे. पण त्या म्हणाल्या, "अम्माजी, समिती अक्टूबर में आख़िरी बार बैठेगी. अनुराधा किसी चिट्ठी का जवाब नहीं देती. अब भी नहीं आई तो उसका नाम कट जाएगा." मी विचारलं, नाव कटलं तर काय होतं? त्या म्हणाल्या, सगळं काम बंद. जेवढ्या लोकांच्या दाढा भरल्या, तपासल्या, ते सगळं फुकट. आणि कागदावर शेरा कायमचा राहील, की या डॉक्टरने पेशंटला सांगितलं एक आणि केलं एक.

तो पेशंट म्हणजे मी. आणि तो शेरा लिहवून घेणारा आत्ता माझ्यासमोर पेन धरून बसलाय.

दोन वर्षांपूर्वी याने तुझ्या कॉलेजला पत्र लिहिलं, की माझ्या मुलीने स्वतःच्या अडाणी आजीला फसवून तिच्या दातांवर प्रयोग केला. हे वाक्य सांगितलं तेव्हा त्याचं पेन थांबलं. मी म्हटलं, लिही, एकदा लिहिलेलंच आहेस, हात सवयीचा असेल.

तू समितीपुढे गेलीच नाहीस. "माझ्या बापाला मी खोटी वाटते, तर परक्यांना काय सांगू," म्हणालीस आणि बॅग भरलीस. राग मला कळतो. पण एक गोष्ट मला दोन वर्षं चावतेय. त्याने कॉलेजला लिहिलं, कॉलेजने तुला लिहिलं, मॅडमनी समितीला लिहिलं. ज्यांना ज्यांना वाचता येतं त्या सगळ्यांना विचारून झालं. दाढ ज्या तोंडात आहे त्या तोंडाला कुणी विचारलं नाही.

मी ऑक्टोबरात जाणार आहे. तू येतेस का ते कळव.

दाढा ठीक आहेत.

तुझी
आजी

ता. क. ('अडाणी' असं मी लिहिलं नव्हतं. 'निरक्षर' लिहिलं होतं. — जयंत)

ता. क. नंतरचं ता. क. शशिकलाने वाचून दाखवलं तेव्हा ही घुसखोरी कळली. निरक्षर म्हणे. शब्द इस्त्री करून घातला की माप बदलतं असं त्याला वाटतं. राहू दे ते तसंच.


अवधपुरी, भोपाळ
१४ सप्टेंबर २०१३

चि. अनुराधा हिस आशीर्वाद.

गौरी जेवून गेल्या, तुझं उत्तर आलं नाही. गौरींना तरी वर्षातून एकदा यायची लाज आहे.

आज मी तुला त्या दिवशीची हकिगत सांगणार आहे. तू म्हणशील, आजी, मी तिथेच होते. होतीस, पण समितीपुढे जायचं तर मला ती एकदा नीट जुळवून म्हणून बघायला हवी, आणि ऐकायला तुझ्या बापाशिवाय कुणी नाही. तो ऐकतोय. म्हणजे लिहितोय. त्याचं ऐकणं कसं असतं ते तुला माहीत आहे. ग्राइंडिंगच्या शेडमध्ये कान अर्धे गेले, आणि उरलेले अर्धे त्याला आधीच माहीत असलेलं ऐकतात.

तर ऐक. खालच्या दोन दाढा किडल्या होत्या. तू म्हणालीस, आजी, कॉलेजात चल, भरून देते. मी म्हटलं, आता भरून काय करायचं, म्हातारीच्या तोंडात सिमेंट म्हणजे पडक्या घराला रंग. तू खुर्चीत बसवलंस आणि तोंडावर तो दिवा सोडलास. मग सांगितलंस की किडलेलं कोरून काढलं की दात आम्लाने धुतात. धुतला की आत बारीक जाळी उघडी पडते, मच्छरदाणीसारखी. दाताच्या रंगाचं जे सिमेंट भरायचं ते त्या जाळीत मुरतं आणि धरून बसतं. पण दोनचार वर्षांत लाळेने जाळी कुजते आणि सिमेंट सुटतं. मग माणूस परत येतो आणि डॉक्टरला शिव्या देतो.

मी विचारलं, मग त्या जाळीचं काय करणार? तू म्हणालीस, "कातडं कमावतात ना, झाडपाल्याच्या तुरट पाण्यात घालून, की मग ते कुजत नाही? तशी जाळी कमवायची." मी म्हटलं, बरं झालं, तुझा बाप निवृत्त झाल्यापासून या घरात कमावणारं कुणी नाही, दाढ तरी कमावू दे. तू एवढी हसलीस की शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने मान वळवली.

मग तू म्हणालीस, हिरड्यांचं पाणी लावणार आहे, मिनिटभर, एका दाढेला. दुसरीला नुसतं नेहमीसारखं. कुठल्या दाढेला लावलं ते सांगणार नाही, म्हणजे माझं मन फसवायला नको. आणि म्हणालीस, दाढ काळपट पडेल कदाचित, चालेल का? नको असेल तर तसं सांग, दोन्ही नेहमीसारख्या भरीन. मी म्हटलं, त्या मागच्या दाढा बघून कोण मला मागणी घालायला येणार आहे, लाव. मग तू कागद वाचून दाखवलास आणि मी अंगठा दिला.

संध्याकाळी हा म्हणाला, काय केलं अनूने? मी म्हटलं, हिरड्यांचं पाणी लावून दाढा भरल्या. हा "बरं" म्हणाला आणि पेपरात शिरला.

पुढे पाचसहा महिन्यांनी तू कॉलेजात द्यायचं लिखाण टेबलावर ठेवलंस. इंग्रजी. याने ते उभं-आडवं वाचलं. मी भाकऱ्या करत होते, आणि बाहेर तुमचं सुरू झालं.

हा म्हणाला, "तू आजीला हिरड्यांचं पाणी म्हणून सांगितलंस?"

तू म्हणालीस, "हो, हिरड्यांचंच सांगितलं. मग काय सांगायला हवं होतं?"

हा म्हणाला, "आणि तोंड वर करून कबूल करतेस?"

तू म्हणालीस, "त्यात कबूल काय करायचंय, बाबा?"

हा म्हणाला, "तिला वाचता येत नाही म्हणून काहीही सांगायचं? आणि अंगठाही स्वतःच घ्यायचा?"

मग तुझं ताट तसंच राहिलं. मी तव्यापाशी उभी राहून विचार करत होते, दोघंही एकच बोलतायत, मग ओरडतायत कशाला? मला वाटलं, शिकलेल्यांच्या भांडणात काहीतरी वरचं असेल, आपल्याला न कळणारं. म्हणून मधे पडले नाही.

हात दुखला म्हणतोय. उरलेलं उद्या.


१५ सप्टेंबर, त्याच पत्रात पुढे

अनू, आता जे सांगते ते नीट वाच. आणि आधी कालचा कागद पुन्हा हातात घे.

आज सकाळी शशिकला आली आणि कालचं वाचायला बसली. ती ग्वाल्हेरची. मराठी तिच्या घरात बोललं जायचं, पण शाळा हिंदी, त्यामुळे ती मराठी वाचते ते एकेक मणी ओढल्यासारखं. कुठला काना सोडत नाही, कुठलं टिंब सोडत नाही. दाढेपाशी आली आणि थांबली.

"आजी, हे मसूड्यांचं काय मधेच?"

मी म्हटलं, कुठले मसूडे?

"हे काय. हिरड्यान्चं पाणी. भैयांनी लिहिलंय. हिरड्या म्हणजे मसूडेच ना? पण अनू तर हर्रा लावत होती. मला बाटली दाखवली होती तिने."

मी म्हटलं, हर्राच. हिरडा. बेहडा, आवळा, हिरडा, त्यातला. जवाहर चौकातल्या जडीबुटीवाल्याकडे अनू आणि मी जाऊन निवडून आणला होता. त्याचं पाणी ते हिरड्याचं पाणी.

"मग टिंब कशाला दिलंय?"

मी म्हटलं, टिंब म्हणजे काय ते आधी मला सांग.

तिने डाव्या हाताच्या बोटाने हवेत ठिपका काढून दाखवला. हा ठिपका नसला तर ते हिरडा नावाच्या फळाचं पाणी. ठिपका दिला तर ते दातांभोवतीच्या हिरड्यांचं पाणी, म्हणजे मसूड्यांवरचं औषध. मी विचारलं, बोलताना हा ठिपका कुठे असतो? ती म्हणाली, नाकात, असला तर. माझे पुढचे दोन दात गेल्यापासून माझ्या तोंडातून काय निसटतं आणि काय शिरतं याचा हिशेब मी ठेवत नाही.

जयंत आत सायकलची चेन पुसत होता. मी हाक मारली. तसाच आला, काळे हात घेऊन.

मी म्हटलं, अनूने माझ्या दाढेला काय लावलं?

"हर्ऱ्याचा अर्क. तिच्या लिखाणात आहे ना."

आणि मला काय सांगून लावलं?

"हिरड्यांचं औषध सांगून. तूच म्हणालीस. तेव्हा तुझ्या हिरड्या सुजल्या होत्या, मिठाच्या पाण्याने गुळण्या चालल्या होत्या. मला वाटलं, त्यावरचं काही असेल. नंतर वाचलं तेव्हा कळलं, की हिरड्यांचं सांगून भलतंच लावलंय."

शशिकला म्हणाली, "भैया, हिरडा म्हणजेच हर्रा."

"माहीत आहे मला," हा म्हणाला. आणि मग त्याला ऐकू आलं. दोन वर्षांनी. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, मला दिसलं ते ऐकू येताना.

तो म्हणाला, "आई, तू हिरड्यांचं म्हणालीस."

मी म्हटलं, मी हिरड्याचं म्हणाले.

"आणि अनूही..."

तीही हिरड्याचंच म्हणाली. तू विचारलंस, हिरड्यांचं सांगितलंस का, ती म्हणाली, हो, हिरड्याचंच सांगितलं. तुझ्या कानात तो कबुलीजबाब झाला आणि तिच्या तोंडात ते साधं खरं होतं.

तो काळ्या हातांनी खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. शशिकला म्हणाली, "घरात हिंदी बोलत असता तर भांडणच झालं नसतं. हर्रा वेगळा, मसूडा वेगळा." मी म्हटलं, खरं आहे बाई, मराठी सांभाळली त्याचं हे फळ, आणि फळाचं नावही हिरडा. कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही.

मग तुझा बाप म्हणाला, "कारखान्यात जोडाचा एक्स-रे काढतात, त्या फिल्मवर कधी नुसता डाग असतो, आई. धुताना पडलेला. नवशिका त्याला भेग समजतो आणि चांगला जोड नापास करतो. म्हणून शंका आली की फिल्म दुसऱ्यांदा काढायची, असा नियम आहे. मी दुसऱ्यांदा काढलीच नाही."

एवढं बोलून तो मोरीतला नळ दुरुस्त करायला गेला. नळ बिघडलेला नव्हता.

दुपारी लिहायला बसला तेव्हा आधी कालची टिंबं खोडायला लागला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, राहू देत. मला ती दिसत नाहीत, तिला दिसू देत. तर कालच्या कागदावर जिथे जिथे आहेत तिथे तिथे ती तशीच आहेत. माझ्या तोंडी आणि तुझ्या तोंडी, दोघींच्याही, त्याच्या हाताने दिलेली.

तो म्हणतोय, समितीला आज पत्र टाकतो. मी म्हटलं, टाक, पण त्याने माझं जाणं टळत नाही. कागदाने बिघडलेलं आहे, आता तोंडाने सांगू दे.

आजी


अवधपुरी, भोपाळ
२६ ऑक्टोबर २०१३

चि. अनुराधा हिस आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. एकच ओळ. "आजी, दाढ दुखते का?" बापाबद्दल अक्षर नाही, समितीबद्दल नाही. शशिकलाने वाचलं आणि कार्ड उलटंसुलटं करून बघितलं, पाठीमागे काही आहे का. मी म्हटलं, नाही, आमच्या अनूचं प्रेम नेहमी एका दाढेएवढंच असतं, पण मुळापासून असतं.

दुखत नाही. पण पहिल्या पत्रात "ठीक आहेत" लिहवलं ते अर्धंच खरं होतं. दोनांतल्या एकीचं सिमेंट कडेने सुटलंय. संक्रांतीपासून जीभ लागते. दोरा अडकतो. सांगितलं नाही, कारण मला वाटलं, ही सुटलेली हिरड्याची निघाली तर तुझ्या आधीच पडलेल्या कामावर मीच आणखी एक दगड ठेवायची.

आता समितीचं ऐक. एकवीस तारखेला गेलो. तिघं होते, दोन डॉक्टर आणि एक वकिलासारखा दिसणारा. सरोज मॅडम बाजूला. खुर्च्या आमच्यासाठी ठेवल्या होत्या. मी बसले, तुझा बाप बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "मेरी शिकायत ग़लत थी. मैंने ग़लत सुना और पूछे बिना लिख दिया. मैं उसे वापस लेता हूँ."

वकिलासारखा म्हणाला, "दो साल बाद?"

"जी."

"क्या ग़लत सुना?"

आणि मग अनू, तुझ्या बापाने त्या तिघा हिंदी माणसांना हिरडा आणि हिरडी समजावून सांगितलं. फळ्यावर. ठिपका देऊन आणि ठिपका पुसून. पन्नाशीतले डॉक्टर पहिलीतल्या पोरांसारखे बघत होते. एक हसला. तुझा बाप म्हणाला, "हँसने की बात नहीं है, सर. इसमें मेरी बेटी के दो साल गए."

मग माझ्याकडे वळले. "अम्माजी, आपको क्या बताया गया था?"

माझी हिंदी तुला माहीत आहे. अचलपूरहून निघालेली, भोपाळला पोचली नाही. मी म्हटलं, हर्रे का पानी लगाएगी बोली. दाढ काली पड़ेगी बोली. नहीं होना तो नहीं बोलो, ऐसा बी बोली. मसूडे का दवा रहता तो काली काहे को पड़ती दाढ? ये बात मेरे को किसी ने दो साल में पूछीच नहीं.

डॉक्टरांनी एकमेकांकडे बघितलं. मोठ्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडायला लावलं, बॅटरी मारली. एक दाढ काळपट होती, कडेने जराही न सुटलेली. दुसरी पांढरी, सुटलेली. एवढं त्यांनी मॅडमना सांगितलं, आणि बॅटरी हवी त्यापेक्षा जरा जास्त वेळ पेटती राहिली.

मग वकिलासारख्याने विचारलं, "अँगूठा किसके सामने लगाया था?"

मी म्हटलं, उसीच के सामने. तीसरा कौन रहता उधर?

"कोई गवाह?"

भगवान होगा, मी म्हटलं, पर वो दस्तख़त नहीं करता.

तर निकाल असा. शेरा पुसला. तू मला फसवलंस हे कागदावरून गेलं, मॅडमनी मला तो कागद दाखवला आणि मी मान डोलावली, जणू काही वाचला. पण ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा तिसऱ्या माणसासमोर घ्यायचा असतो, डॉक्टरने स्वतः घ्यायचा नसतो. आणि डॉक्टर त्याची नात असेल तर मुळीच नाही. म्हणून माझ्या दोन्ही दाढा तुझ्या कामातून बाद. काळी घट्ट राहिली याचा तुला काही उपयोग नाही. मी मॅडमना विचारलं, काळी ती हिरड्याची ना? त्या म्हणाल्या, "अम्माजी, अब आप गिनती में नहीं हैं." एका दाढेवर कुणाचं काही सिद्ध होत नाही म्हणे. बाकीच्या लोकांच्या दाढा आहेत, त्या तपासायला तू हवीस.

म्हणजे तुझा बाप एका बाबतीत बरोबर होता. जोडणाऱ्याने आपला जोड आपण पास करायचा नाही, हे तो तेव्हाही ओरडत होता, पण खोटेपणाच्या आरोपाखाली ते दबून गेलं. निकाल ऐकताना त्याचा चेहरा मी बघितला. बरोबर ठरल्याचं काही तिथे नव्हतं. रिक्षात म्हणाला, "तुझी दाढ मोजणीत धरली असती तर बरं झालं असतं." जन्मभर माणसांचे जोड नापास करणारा माणूस.

आता तारीख. तीस नोव्हेंबरच्या आत तू कॉलेजात येऊन सही केलीस तर काम पुढे चालेल. नाही आलीस तर नाव कटेल, शेऱ्याशिवाय, सन्मानाने, पण कटेल. तू देवरुखला सुखी असशील तर राहा, लोकांच्या दाढा तिथेही किडतात. पण बापावरच्या रागाने राहू नकोस. तो राग ज्या गोष्टीवर उभा होता ती गोष्ट टिंबाएवढी निघाली. अर्थात टिंबामागे दुसरंही आहे, ते मला कळतं. दुसऱ्या कुणाबद्दल असं ऐकलं असतं तर तो परत विचारायला गेला असता. पोटच्या पोरीला त्याने परत विचारलं नाही. ते टिंबाने झाकायचं नाही, आणि तोही झाकत नाही.

तो रोज तुला लिहायला बसतो. कागद घेतो, तुझं नाव घालतो, थांबतो. परवा मला म्हणाला, "आई, तुझ्या पत्रात माझं दोन ओळी घाल ना." मी म्हटलं, नाही. माझ्या तोंडाने तुझी माफी मागितली तर ती पुन्हा कानोकानीच जाईल.

पण आज मी शशिकलाला बोलावलेलं नाही. तिचं प्लास्टर निघालंय, ती दवाखान्यात गेलीय, आणि ती येईपर्यंत पाकीट चिकटून टपालात पडलेलं असेल. म्हणजे या पत्रात काय लिहिलं जातं आणि काय नाही, हे आज मला कळायची सोय नाही. मी पाच मिनिटं तुळशीला पाणी घालून येते.

(अनू, मी चुकीचं ऐकलं, ही लहान चूक. तुला दुसऱ्यांदा विचारलं नाही, ही मोठी. दोन्ही माझ्या. तू ये किंवा येऊ नकोस, ते तुझ्यावर आहे. मी स्टेशनवर असेन असं लिहिणार होतो, पण कोणत्या गाडीला ते मला माहीत नाही. — बाबा)

आले. पेन टेबलावर आहे आणि हा नाक पुसतोय. सर्दी म्हणतो.

तुळस बरी आहे. मीही. तुझं उत्तर येईल की तू येशील ते मी विचारत नाही, म्हाताऱ्या माणसाने एवढे प्रश्न विचारू नयेत.

खायचं तेवढं सांगते. तुमच्याकडे फणसाचे तळलेले गरे मिळतात म्हणे, ते पाठव. कडक असू देत, मी काळ्या दाढेने खाईन. आमसुलं थोडी, आणि कुळथाचं पीठ, त्याच्या पिठल्याला. पण पार्सलवर माझं नाव घालू नकोस, मला वाचता येत नाही. जयंत काशिनाथ अंजनकर असं पूर्ण घाल, तुझ्या हाताने.